चाकोरी, कमान आणि कूपे

‘चाकोरीतले आयुष्य’, ‘चाकोरीबाहेरचा माणूस’ असे शब्दप्रयोग आपण रोज करतो. पण चाकोरी ही मूळची काय चीज आहे, हे शहरात वाढलेल्या मुलांना दाखवायचे झाले, तर त्यांना एखाद्या पावसाळ्यात बुलढाणा जिल्ह्यातल्या पांदणीवर न्यावे लागेल. काळ्या रानातून गाड्या जाऊन जाऊन दोन्ही चाकांनी दोन खोल चर पाडलेले असतात. त्यांच्या मध्ये मातीचा लांबलचक उंचवटा राहतो आणि त्यावर गवत माजते. हीच ती चाकोरी. बैलगाडी तिच्यातून सुखाने जाते, कारण तिचे पोट त्या उंचवट्याच्या कितीतरी वर असते. त्याच चाकोरीत एखादी ठेंगणी, देखणी स्पोर्ट्‌स मोटार घातली, तर चाके चरात आणि पोट मातीवर अशी ती कासवासारखी बसून राहील.

वाहनाचे पोट जमिनीपासून किती उंच असावे, आणि चाकाला बसलेला धक्का आतल्या माणसापर्यंत किती पोचावा, हे दोन प्रश्न दिसायला मिस्त्रीचे आहेत. पण त्यांचा इतिहास पाहू लागले, की हळूहळू निराळेच चित्र उभे राहते. धक्का नाहीसा कधीच होत नाही. तो कोणीतरी सोसत असतो. कोणत्या काळी तो कोणी सोसला, एवढाच काय तो फरक. यंदाच्या दिवाळीत मुलांनी खेळण्यातल्या मोटारी अंगणभर पळवाव्या आणि मोठ्यांनी हा इतिहास वाचावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी जमीन पाहू. बुलढाणा जिल्ह्याचे निसर्गानेच दोन मजले केले आहेत. खाली पूर्णेच्या खोऱ्यातला पायनघाट: मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव, जळगाव जामोद. वर अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचा बालाघाट: बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा. खुद्द बुलढाणा गाव समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून उंच. मलकापूरहून तिथे जायचे म्हणजे मोताळा ओलांडून राजूरचा घाट चढायचा आणि खामगावहून जायचे तर बोथ्याचा. खालची काळी माती कपाशीला सोन्यासारखी, पण चाकाला वैरीण. पावसात ती फुगते, चिकटते, चाकाच्या आऱ्यांमध्ये गोळे होऊन बसते. उन्हाळ्यात तिलाच हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वर बालाघाटात मुरूम आणि दगड. म्हणजे एकाच प्रवासात गाडीला चिखलही पचवावा लागे आणि खडकही.

अशा मुलखात पहिली कमान माणसाच्या पायांची होती. सिंदखेड हे जिजाऊसाहेबांचे माहेर. लखुजी जाधवरावांच्या काळात घरंदाज स्त्रिया प्रवास करीत त्या मेण्यातून नाहीतर पालखीतून. पालखीचा दांडा किंचित लवचीक असे आणि भोई पावले जुळवून, गुडघे सैल ठेवून चालत. खळगा आला की पुढचा भोई मागच्याला आवाज देऊन सावध करी. आजची भारी मोटार रस्ता ‘पाहून’ आपली स्प्रिंग सावरते म्हणून आपण कौतुक करतो. ते काम भोई डोळ्यांनी आणि गुडघ्यांनी करीत होते. आतल्या माणसाला धक्का बसत नसे, कारण तो चार-आठ माणसांच्या सांध्यांत मुरत असे.

माल मात्र बैलाच्या पाठीवरून जाई. वऱ्हाडचा कापूस लमाणांच्या तांड्यांनी थेट मिर्झापूरपर्यंत नेला जात असे. सुमारे १८२५ पासून पेस्तनजींच्या पारशी पेढीने तो मुंबईकडे वळवला. बैलाच्या पाठीला कसलीही सडक लागत नाही. म्हणूनच सडक नसलेल्या काळात तेच सर्वांत शहाणपणाचे वाहन होते. पण १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस हवा झाला, आणि सडका बांधल्या जाऊ लागल्या. मग तांडे मागे पडले आणि गाड्यांचा सुकाळ झाला.

* * *

वऱ्हाडी बैलगाडीला अडाणी म्हणण्याची रीत आहे. ती चुकीची आहे. गाडीचे चाक साधारण चार ते पाच फूट व्यासाचे. एवढे मोठे कशाला, असे वाटेल. थोडे गणित करून पाहू. वाटेत एक फूट रुंदीचा खड्डा आला, तर पाच फुटी चाक त्यात अर्ध्या इंचाहून थोडेसे जास्त उतरते. मोटारीचे दोन-सव्वादोन फुटांचे चाक त्याच खड्ड्यात दीड इंच जाते. म्हणजे ज्या गाडीला स्प्रिंग नाही, तिच्या चाकाचा घेरच तिची स्प्रिंग आहे. शिवाय चाक मोठे म्हणजे आस उंच, आणि आस उंच म्हणजे चाकोरीतला उंचवटा पोटाला लागत नाही. सुतार-लोहारांनी कोणतेही पुस्तक न वाचता उंची आणि मऊपणा ह्या दोन्ही प्रश्नांना एकच उत्तर दिले होते.

ह्या गाड्यांतही प्रकार होते. ओझ्याची बंडी निराळी, माणसांची दमणी निराळी आणि धावण्यासाठी केलेली हलकी रेंगी किंवा छकडी निराळी. दमणीवर छत असे, बसायला गादी असे, बैल निवडक असत. रेंगी म्हणजे तर त्या काळची स्पोर्ट्‌स गाडीच: अंग हलके, ओझे नाही, दोन माणसांपुरती जागा. विदर्भातला शंकरपट पाहिला असेल त्याला सांगायला नको, की वेगासाठी गाडी हलकी आणि ठेंगणी लागते, हे बैलांच्या मालकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. (ह्या शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली होती, पुढे राज्याने कायदा केला, २०२१ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये तो कायदा न्यायालयाने उचलून धरला.)

पण चाकाच्या घेराने सगळे धक्के मरत नसत. उरलेले दोघांच्या वाट्याला येत. एक बैलाच्या मानेच्या, आणि दुसरे साट्यात बसलेल्या माणसाच्या मणक्याच्या. पहिलटकरीण माहेरी आणायची म्हणजे साट्यात कुटार पसरावे, वर दोन गोधड्या घालाव्या आणि गाडीवानाला दहादा बजावावे, की बाबा, सावकाश हाक. कुटार आणि गोधडी हीच कुणब्याची स्प्रिंग. आणि बैलाचे ऋण? ते पोळ्याच्या आदल्या दिवशी फेडायचे. त्या संध्याकाळी खांदेमळणी होते: वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना हळद आणि तूप चोळून शेकतात आणि बैलांना उद्याच्या जेवणाचे आमंत्रण देतात. धक्के सोसणाऱ्याची अशी पूजा जगात इतरत्र क्वचितच होत असेल.

खरी लोखंडी कमान आपल्याकडे आली ती साहेबाच्या टांग्याबरोबर. लंडनच्या ओबेदाया इलियट नावाच्या कारागिराने १८०४ मध्ये लंबगोल कमानीचे पेटंट घेतले. पोलादाच्या लहानमोठ्या पट्ट्या एकीवर एक रचून दोन धनुष्ये करायची, ती समोरासमोर जोडायची आणि त्यांवर बग्गीचे अंग ठेवायचे, अशी ती युक्ती. आपले गॅरेजवाले ज्यांना आजही ‘पाटे’ म्हणतात, ते हेच. पुढे बारा-पंधरा वर्षांत मॅकॅडमने इंग्लंडात खडीच्या पक्क्या सडकांची पद्धत रुळवली. कमान आणि सडक ही जुळी भावंडे. कमानीच्या गाडीला बरी सडक लागते, आणि बरी सडक झाली की चाके लहान करता येतात, अंग खाली आणता येते, वेग वाढवता येतो.

टांगा, बग्गी, ही सारी त्या कमानीची लेकरे. मलकापूर स्टेशनावर उतरलेला अंमलदार कमानीच्या टांग्यातून पंचेचाळीस किलोमीटरवरच्या बुलढाण्याला जाई. त्याच सडकेवर कापसाची बंडी बिनकमानीची खडखडत येई. सडक बांधायला पैसा लागे तो कापसातून आलेला. तिच्यावर मऊ बसण्याचा मान मात्र दुसऱ्याचा.

* * *

रेल्वे मलकापूरला पोचली १८६३ मध्ये आणि पुढच्याच वर्षी शेगावला. खामगावची कापसाची पेठ फाट्यावर पडली म्हणून जलंबहून तिथवर एक छोटी शाखा टाकली. तिचे उद्‌घाटन १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो ह्यांनी केले. ह्या आगगाडीबरोबर आपल्या भाषेत एक शब्द आला: ‘कुपे’. पहिल्या वर्गाच्या डब्यात दोघांपुरती जी लहान खोली असते, ती कुपे. नवविवाहितांना ती मिळावी म्हणून नातलग किती खटपट करीत, हे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे.

हा शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ ‘कापलेली’. अठराव्या शतकात चौघांच्या बंद बग्गीतली पुढची, मागे तोंड करून बसायची जागा कापून टाकली आणि दोघांचीच आटोपशीर बग्गी केली, ती कूपे. पुढे मोटार आली, आणि दोन दारांच्या, छत मागे उतरते केलेल्या, दोघांपुरत्या मोटारीला हेच नाव मिळाले. म्हणजे आगगाडीतला कुपे आणि रस्त्यावरची कूपे ह्या सख्ख्या बहिणी. दमणीला कूपे म्हणावे की नाही हा वाद विद्वानांनी घालावा. दोघांपुरती, छताची, वेगवान, हे तिन्ही गुण तिच्यात आहेत खरे.

आता मोटारीच्या कूपेची उंची ऐका. १९६१ मध्ये जिनीव्हाच्या प्रदर्शनात जग्वार कंपनीने ‘ई-टाइप’ ही कूपे मांडली. तिची जमिनीपासून छतापर्यंतची उंची चार फूट. म्हणजे ती आपल्या बंडीशेजारी उभी केली, तर तिचे छत बंडीच्या चाकापर्यंतच पोचेल! १९६४ ची फोर्डची शर्यतीची कूपे तर आपली उंची नावातच मिरवते: ‘जीटी ४०’, म्हणजे चाळीस इंच. १९६६ ची इटालियन ‘लॅम्बोर्गिनी मिउरा’ मीटरभराहून जेमतेम पाच सेंटिमीटर जास्त. हा ठेंगणेपणा केवळ दिमाखासाठी नव्हे. गाडी वळणावर वळते तेव्हा तिचे वजन बाहेरच्या बाजूला झुकते. भार जितका उंचावर, तितकी ती कलंडायला सोपी. कडब्याची उंच भरलेली बंडी वळणावर का उलटते आणि रिकामी का उलटत नाही, हे शेतकऱ्याच्या पोराला शिकवावे लागत नाही. शिवाय ठेंगण्या गाडीला समोरचा वारा कमी अडतो.

पण ठेंगणेपणाची किंमत मोजावी लागते. ती समजण्यासाठी घरातच एक प्रयोग करता येईल. पंचवीस सेंटिमीटर लांबीच्या दोरीला दगड बांधून झुलवा. तो सेकंदाला एक हेलकावा घेईल. स्प्रिंगचाही हिशेब हाच आहे. गाडीच्या वजनाने जी स्प्रिंग पंचवीस सेंटिमीटर दबते, तिच्यावरची गाडी सेकंदाला एकदा, पाळण्यासारखी, हळुवार झुलते. जी अकरा सेंटिमीटर दबते, ती सेकंदाला दीड वेळा. जी सहाच सेंटिमीटर दबते, ती दोनदा. ती गाडी कडक लागते. म्हणजे मऊपणाला जागा लागते. खाली दबायला जागा हवी, तर पोट उंच हवे. पोट खाली आणले की स्प्रिंग कडक करावी लागते, नाहीतर प्रत्येक खड्ड्यात पोट आपटणार. उंची, मऊपणा आणि वळणावरची स्थिरता ही तीन माणसांची एकत्र कुटुंबातली भांडणे आहेत. एकाला खूश केले की दुसरा रुसतो. (ह्यातच शॉकअॅब्सॉर्बरची गोष्ट येते. स्प्रिंग धक्का साठवते आणि परत देते. तेलातला दट्ट्या सरकवून ती उसळी जिरवायचे काम शॉकअॅब्सॉर्बरचे. आपोआप हळूच मिटणाऱ्या दारावरचा नळा पाहिला, की त्याची कल्पना येईल.)

जुन्या कूपे गाड्यांचे कर्ते ह्या भांडणातून कसकसे सुटले, ते पाहण्यात मोठी मौज आहे.

सर्वांत साधा मार्ग इंग्रजी ‘एमजीबी जीटी’चा. १९६५ ची ही कूपे मध्यमवर्गीयाला परवडणारी. मागे अखंड आस आणि तिला पोलादी पाटे, टांग्याचेच वाण. स्वस्त, टिकाऊ, दुरुस्तीला सोपे. तिच्या घराण्याची पुढची हकीगत बोधप्रद आहे. अमेरिकेत मोटारीचा पुढचा बंपर आणि दिवे अमुक उंचीवर असलेच पाहिजेत असे नियम आले, तेव्हा १९७४ च्या सुमारास कंपनीने नवे काही न बांधता सगळी गाडीच इंच-दीड इंचाने उचलली. वर खर्च वाचवायला पुढची वळणरोधक सळईही काढली. इंच-दीड इंच म्हणजे केवढे? पण गाडी वळणावर इतकी कलू लागली, की चाहत्यांनी हाय खाल्ली आणि दोन-तीन वर्षांत ती सळई परत बसवावी लागली. बोटाच्या दोन पेरांनी गाडीचा स्वभाव बदलतो, ह्याचे हे उदाहरण.

दुसरा मार्ग जर्मनांचा. १९५४ ची ‘मर्सिडीज ३०० एसएल’, जिची दारे पंखांसारखी वर उघडतात, ती कित्येकांनी चित्रांत पाहिली असेल. तिचे बॉनेट खाली आणण्यासाठी इंजिनच पन्नास अंशांत आडवे कलवले होते. तिच्या मागच्या आसेचे दोन तुकडे होते आणि ते मध्यभागी बिजागरीसारखे हलत. सरळ रस्त्यावर हे सुख. एक चाक खड्ड्यात गेले तरी दुसऱ्याला खबर नाही. पण वळणावर जोर बसला की बाहेरचे चाक आत दुमडे, मागचा भाग आपोआप वर उचलला जाई आणि गाडी फिरकी घेई. उंची बांधणाऱ्याने ठरवलेली. ती ऐन वळणावर गाडीच बदलून टाकी! १९५७ च्या उघड्या आवृत्तीत बिजागरी खाली आणून हा दोष आवरावा लागला.

हीच बिजागरीची आस आपल्या देशातही आली होती. मद्रासला १९६१ पासून तयार होणारी ‘स्टँडर्ड हेरल्ड’ आठवते का? तिचा मागचा भाग ह्याच घाटाचा होता; इंग्लंडात त्याच सांगाड्यावर १९६६ मध्ये ‘ट्रायम्फ जीटी ६’ नावाची कूपे झाली आणि ह्याच दोषासाठी बोलणी खाऊन १९६८ मध्ये सुधारली गेली. आपल्याकडे मालकांना आणि मिस्त्रींना ती आस पचलीच नाही. १९७० नंतर आलेल्या ‘गॅझेल’मध्ये कंपनीने मुकाट्याने जुनी अखंड आस घातली. लंडनच्या सडकेला जे चालते ते आपल्या सडकेला चालेलच असे नाही, हा धडा पैसे मोजून मिळाला.

तिसरा मार्ग पिळाचा. पोलादाची सरळ सळई एका टोकाला पक्की आवळायची आणि दुसऱ्या टोकाला चाकाचा हात जोडायचा. चाक वर गेले की सळई पिळते आणि सुटू पाहते. ओले धोतर पिळताना हाताला जो विरोध लागतो, तोच. ‘पोर्शे ९११’ ही १९६३ मध्ये दाखवलेली कूपे पंचवीस वर्षे अशा पिळाच्या सळयांवर उभी होती. जग्वार ई-टाइपच्या पुढच्या चाकांनाही त्याच. मागच्या बाजूला मात्र प्रत्येक चाकाला दोन-दोन वळ्यांच्या स्प्रिंगा. ह्या सळईचा मोठा गुण असा, की तिचे पक्के टोक थोडे फिरवून बसवले, की गाडीची उंची वाढते किंवा कमी होते. आता नवल ऐका: आपली म्हातारी, गलेलठ्ठ ‘अॅम्बॅसिडर’ही पुढच्या बाजूला ह्याच पिळाच्या सळयांवर उभी असे. कलेक्टरसाहेबांची पांढरी अॅम्बॅसिडर आणि ई-टाइप ह्यांचे पुढचे पाय एकाच जातीचे. मुंबईत कुर्ल्याला तयार होणारी ‘फियाट’, नंतरची ‘पद्मिनी’, पुढे वळ्यांच्या स्प्रिंगा आणि मागे पाटे घेऊन चाले. ह्या दोन्ही गाड्या जागेला, ओझ्याला आणि खड्ड्यांना डोळ्यापुढे ठेवून उंच ठेवलेल्या, वेगाला नव्हे.

चौथा मार्ग शहाण्या माणसाचा म्हणावा लागेल. इंग्लंडच्या कॉलिन चॅपमनने १९५७ मध्ये ‘लोटस एलीट’ ही कूपे केली. तिचे अंग फायबरग्लासचे, अत्यंत हलके आणि ताठ. अंग ताठ आणि हलके असेल, तर स्प्रिंग मऊ ठेवली तरी चालते, हे त्याने दाखवून दिले. बाकीचे लोक कडक स्प्रिंग म्हणजे शर्यतीची गाडी असे समजत. त्याची गाडी मऊ असूनही वळणावर चिकटून राही. आपल्या रेंगीवाल्याने हेच सांगितले असते: आधी ओझे उतरवा.

पाचवा मार्ग फ्रेंचांचा, आणि तो सर्वांत चमत्कारिक. सित्रोएन कंपनीने १९५५ मध्ये स्प्रिंगच काढून टाकली आणि तिच्या जागी तेल आणि दाबलेला वायू घातला. १९७० मध्ये त्याच पद्धतीची ‘एसएम’ ही कूपे निघाली. आत एक कांडी. ती सरकवली की सारी गाडी उठून उभी राहते, पुन्हा सरकवली की बसते. सडक चांगली तर खाली, सडक वाईट तर वर. मऊपणा आणि ठेंगणेपणा ह्यांचे भांडण तिने मिटवले खरे. पण त्यासाठी एवढ्या नळ्या आणि पंप लागले, की पॅरिसपासून दूर गेलेल्या मालकाने देवाचे नाव घ्यावे.

* * *

ह्या पाचही मार्गांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: खाली सडक आहे. ती नसेल तर? ह्याची परीक्षा आफ्रिकेत झाली. केनिया, युगांडा आणि टांझानियातून ईस्टरच्या सुमारास सफारी रॅली निघे. तिथल्या कुप्रसिद्ध चिखलाचे नाव वाचून वऱ्हाडी माणूस चमकेल: ‘काळी कपाशीची माती’. इंग्रजांनी आपल्याकडच्या मातीला दिलेले हे नाव तिथेही चालते. १९६९ मध्ये निघालेली जपानी कूपे ‘डॅट्सन २४० झेड’ ह्या मातीत उतरली ती उचलून, मजबूत करून. १९७१ मध्ये तिने रॅली जिंकली. १९७३ मध्ये ती पुन्हा जिंकली आणि तेव्हा सुकाणूवर होता युगांडात जन्मलेला भारतीय वंशाचा शेखर मेहता. पुढे १९७९ ते १९८२ असा सलग चार वेळा तो तीच रॅली जिंकला. पोर्शेने १९७८ मध्ये आपली ९११ अठ्ठावीस सेंटिमीटर पोटउंची देऊन तिथे पाठवली आणि ती दुसरी आली. १९८४ आणि १९८६ मध्ये तिच्याच घराण्याच्या उंचावलेल्या गाड्यांनी पॅरिस-डाकार शर्यत जिंकली. म्हणजे कूपेला चिखल वर्ज्य नाही. फक्त तिला आधी बैलगाडीचा धडा गिरवावा लागतो: पोट वर, चाकाला हलायला भरपूर वाव.

हा धडा अलीकडे बाजारातही आला आहे. मुंबईच्या डीसी कंपनीने २०१२ मध्ये ‘अवंती’ ही देशी स्पोर्ट्‌स कूपे दिल्लीच्या प्रदर्शनात मांडली, तेव्हा तिची पोटउंची १७० मिलिमीटर ठेवली होती. परदेशी समीक्षकांना ती जास्त वाटली; आपल्याकडच्या गतिरोधकांशी ज्याची ओळख आहे त्याला ती शहाणपणाची वाटेल. नियमाप्रमाणे आपला गतिरोधक दहा सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, सौम्य पाठीचा असावा. गावोगावचे गतिरोधक नियम वाचून जन्मलेले नसतात, हे सांगायला नकोच. आणि २०२२ मध्ये पोर्शेने ‘९११ डाकार’ काढली, ती नेहमीच्या बैठ्या ९११ पेक्षा पाच सेंटिमीटर उंच आणि बटण दाबले की आणखी तीन सेंटिमीटर उठणारी. साठ वर्षे गाडी खाली खाली आणणाऱ्या कारखान्याने तीच गाडी वर उचलून जास्त किमतीला विकावी, हा काळाचा विनोद आहे.

बुलढाणा जिल्ह्यातही आता दोन्ही टोके एका ठिकाणी दिसतात. मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा ह्या तालुक्यांतून समृद्धी महामार्ग जातो. त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि ५ जून २०२५ ला ७०१ किलोमीटरचा सगळा मार्ग पुरा झाला. त्या काँक्रीटवर चाळीस इंची जीटी ४० देखील बिनधास्त धावेल. जिथे भोयांनी जिजाऊंच्या माहेरचे मेणे वाहिले, त्या मुलखावरून आज माणूस हातातल्या पेल्यातला चहा न सांडता जातो. ही सामान्य गोष्ट नाही.

पण त्याच महामार्गाच्या पुलाखालून पांदणी जातात. तिथे अजून डनलॉपची टायरगाडी आणि ट्रॅक्टरची ट्रॉली चाकोरीतून चालते. बहुतेक ट्रॉल्यांना कमान नसते. ट्रॉलीतून निंदणीला जाणाऱ्या बाया काठाला धरून उभ्या राहतात. बसले की धक्के मणक्यात शिरतात, आणि उभे राहिले की गुडघ्यात जिरतात, हे त्यांना कोणी शिकवलेले नाही. सिंदखेडच्या भोयांचीच ती विद्या आहे. श्रावणात वस्तीवरच्या बाळंतिणीला दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर अॅम्ब्युलन्स पांदणीच्या तोंडाशी थांबते, आणि तिथवरचा रस्ता गाडीतल्या कुटारावर, गोधडीवर होतो.

म्हणून जुन्या कूपे गाड्यांची चित्रे पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिचे चार फुटांचे अंग जितके जग्वारच्या कारागिरांचे, तितकेच तिच्याखालच्या सडकेवर खडी फोडणाऱ्या आणि डांबर ओतणाऱ्या मजुरांचे आहे. गाडी किती खाली बसावी हे कारखान्यात ठरत नाही. गावाने आणि सरकारने तिच्यासाठी काय अंथरले आहे, त्यावर ठरते. ज्या दिवशी आपल्या पांदणीवर पावसाळ्यातही एखादी ठेंगणी गाडी पोट न घासता जाईल, त्या दिवशी बुलढाण्यात कूपे कोणी घेतली की नाही, हे विचारण्याचे कारण उरणार नाही. बाळंतीण मात्र घरच्या दारातून निघून दवाखान्याच्या दारात उतरेल. आणि पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांच्या खांद्यांना तूप चोळताना, त्या खांद्यांवर पूर्वीइतकी सूज नाही, हे घरधन्याच्या हाताला कळेल.